रत्नाआक्काचं पहिलं कलम

रत्नाआक्काच्या दहाव्याला सुरतेतल्या नवागामच्या गल्लीतच मांडव घातला होता. विधी उरकल्यावर समाजातले एक पुढारी बोलायला उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आक्कांनी आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही. ज्यांनी त्यांना दुखावलं, त्यांनाही त्यांनी मोठ्या मनानं क्षमा केली."

पुढे बसलेल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. मी मागच्या रांगेत होते. माझ्या शेजारी आक्काचे यजमान अशोकभाऊ बसले होते. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना ऐकू कमी येतं. त्यांनी मला खुणेनं विचारलं, काय म्हणाला? मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. ते त्या पुढाऱ्याकडे बघत म्हणाले, "ताई, हा माणूस चुकीच्या मांडवात आला वाटतं."

हे लिहायचं मी तिथेच ठरवलं. रत्नाआक्कानं कुणालाही माफ केलं नव्हतं. आणि एकाला तर असं काही माफ केलं नव्हतं, की तिला क्षमाशील म्हणणं म्हणजे तिची इतक्या वर्षांची मेहनत पुसून टाकणं आहे.

मी वंदना. माझं नवागाममध्ये झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. मी मूळची वाशीमकडची, लग्न होऊन सुरतला आले. आक्का खानदेशातली. घरात अहिराणी, साइटवर हिंदी, बिल्डरसमोर गुजराती, आणि माझ्याशी या तिन्हींच्या मधलं काहीतरी बोलायची. पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा उन्हातून चालत आली होती. उंच, काटक बाई. हातांच्या रेषांत पांढरी पुट्टी बसलेली, खांद्याला रेक्झिनची पिशवी. त्या पिशवीतून तिनं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कोरा स्टॅम्प पेपर काढला आणि काउंटरवर ठेवला.

"करारनामा टाइप करतेस?"

"करते."

"मग कर. पण त्यात 'इसम' नको."

मला कळेना. मी म्हटलं, "आक्का, इसम म्हणजे माणूसच."

"माहिती आहे मला. माणूस लिही. आणि 'इत्यादी' पण नको. जे असेल त्याचं नाव लिही. इत्यादीमधूनच सगळे पळून जातात."

ती तेव्हा इमारतींच्या बाहेरच्या रंगकामाचे छोटे ठेके घ्यायला लागली होती. एका इमारतीचं काम घ्यायचं, त्यातली पुट्टी एकाला द्यायची, प्राइमर दुसऱ्याला, मागची बाजू तिसऱ्याला. या पोटठेक्यांचा व्यवहार सुरतेत तोंडीच चालायचा. "थई जशे," होऊन जाईल म्हणायचं, चहा प्यायचा, की काम सुरू. आक्का चहा प्यायची नाही. आधी कागद, मग चहा.

तिच्या करारनाम्यातलं पहिलं कलम कधी बदललं नाही. मला ते अजून पाठ आहे. "या कामावर येणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव आणि काही झालं तर कुणाला फोन करायचा तो नंबर मी खाली स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. ही माणसं मी आणली आहेत. ही माणसं माझी आहेत." विम्याचं कलम, बेल्टचं, दोराचं, कामाच्या दिवसांचं, सगळं त्याच्यानंतर.

दुसरं कलम तिच्यासारखंच होतं. "रोज सकाळी कुणीही झुल्यावर चढण्याआधी ठेकेदारानं स्वतः झुल्यात बसून वरच्या मजल्यापर्यंत जाऊन यावं." झुला म्हणजे इमारतीवरून तारांवर लोंबणारी ती लोखंडी पाळण्यासारखी फळी, रंगारी तीत उभे राहून काम करतात. स्वतःच्या साइटवर हे कलम ती स्वतःला लावायची. नऊवारीसारखा कासोटा घालून, वरून बेल्ट बांधून, पन्नाशीची बाई रोज सकाळी बारा-चौदा मजले वर जायची, वरून तारेवर पाना आपटून बघायची आणि खाली यायची. खालचे गुजराती सुपरवायझर हसायचे. ती म्हणायची, "हसा. पण सही करा."

"लिखेल शे का?" म्हणजे लिहिलेलं आहे का, हा तिचा सगळ्या जगाला एकच प्रश्न होता. दूधवाला म्हणाला उद्यापासून म्हशीचं देतो, "लिखेल शे का?" शेजारणीचा मुलगा म्हणाला, मी आईला म्हातारपणी सांभाळीन, आक्का तिथल्या तिथे, "लिखेल शे का?" लोक हसायचे. ती हसायची नाही.

एकदा तिच्या सख्ख्या नणंदेचा मुलगा पुट्टीच्या कामाला आला. त्याच्याकडूनही तिनं दोन्ही कलमं लिहून घेतली. नणंद दुकानात माझ्याकडे येऊन रडली. "भाच्याला कुणी स्टॅम्प पेपर दाखवतं का?" आक्का तिथेच होती. म्हणाली, "भाच्यालाच दाखवायचा. परका तर आधीच सावध असतो." चौथ्या दिवशी साइटवर तिला दोन माणसं जास्त दिसली. भाचा म्हणाला, "मामी, आजच आलेत, उद्या नावं टाकतो." आक्कानं सगळा झुला खाली आणायला लावला. त्या दोघांना समोर बसवून नाव, बापाचं नाव, गाव विचारलं. त्यातला एक ओडिशाचा होता. त्याच्या गावाचं नाव कुणाला लिहिता येईना. आक्कानं त्याच्या घरी फोन लावायला लावला, त्याच्या भावाकडून एक-एक अक्षर विचारून लिहून घेतलं. तासभर काम बंद. भाचा चिडून म्हणाला, "एका दिवसात काय बिघडलं असतं?"

आक्कानं यादी मिटून पिशवीत टाकली. "एकाच दिवसात बिघडतं," म्हणाली.

तो एक दिवस कोणता, हे तिनं मला कधी सलग सांगितलं नाही. कागद टाइप होत असताना, प्रिंटर अडकलेला असताना, लाइट गेलेली असताना, तुकड्यातुकड्यानं सांगितलं. मी ते जोडून घेतलं.

तिचा धाकटा भाऊ गुलाब. आई शेतात जायची, म्हणून आक्कानंच त्याला कडेवर वाढवलेलं. बाविसाव्या वर्षी तो सुरतला बहिणीकडे आला. अशोकभाऊंचा मोठा चुलतभाऊ मुरलीनाना तेव्हा सुरतेतला नावाजलेला रंगकाम ठेकेदार. गळ्यात सोन्याची साखळी, मोटारसायकल, गावाकडे दुमजली घर. गुलाबला कामाला लावा, म्हणून आक्काच त्याच्याकडे गेली. अशोकभाऊंनी भीत भीत विचारलं होतं, काही लिहून वगैरे घ्यायचं का. नाना मोठ्यानं हसला होता. "घरच्यात कागद कसला रे?" आणि आक्का नवऱ्यालाच रागावली होती, की मोठ्या भावासमोर असं विचारतात का.

कतारगामच्या एका इमारतीवर, कामाच्या नवव्या दिवशी, दोर तुटला. गुलाब सहाव्या मजल्यावरून खाली आला.

आक्का पोचली तेव्हा पंचनामा चालला होता. पोलीस विचारत होते, हा कुणाचा माणूस? बिल्डर म्हणाला, काम मुरलीधरला दिलं होतं, माणसं त्याची. मुरलीनाना तिथेच उभा होता. पांढऱ्या शर्टात. तो म्हणाला, "मी याला ओळखत नाही. आज सकाळी काम मागायला आला होता, मी नाही म्हटलं होतं. प्यालेला होता. आपणच वर चढला असेल."

आदल्या रविवारी तो आक्काच्या घरी जेवून गेला होता. गुलाबनं त्याला वाढलं होतं.

आक्का ओरडली, नानाचं मनगट धरलं. पोलीस म्हणाले, "बेन, कंई लखाण छे?" काही लिखापढी आहे का? नव्हती. हजेरी नव्हती, नाव नव्हतं. पहिल्या कागदावर 'अनोळखी इसम' असं लिहिलं गेलं आणि नंतर नाव चढलं तरी कामावरचा माणूस म्हणून ते कधीच चढलं नाही. आक्काचं माहेर आणि सासर एकाच गावातलं. नाना तिथे जाऊन सगळ्यांना सांगून आला, की पोरगा दारूच्या नशेत गेला. आक्काची आई ते ऐकत राहिली. लोक तिच्या दारावरून जाताना हळूच मान हलवायचे. आई पुढे देवळातही जाईना.

"मीच पाठवला होता त्याला," आक्का एकदा म्हणाली. प्रिंटरमधून कागद येत होते. "नानाच्या शब्दावर."

पुढची काही वर्षं आक्का दुसऱ्यांच्या हाताखाली पुट्टी घासत होती. मग बायांची टोळी केली, मग ठेके. नानाचं नाव ती काढायची नाही. मला वाटलं, विसरत चालली. ती विसरत नव्हती, वाट बघत होती. बाजार बदलत होता. नवे बिल्डर माणसांची यादी, विमा, करार मागायला लागले. ज्यानं कधी कागदच ठेवला नाही त्याला कुणी दारात उभं करेना. मुरलीनानाची मोटारसायकल गेली, साखळी गेली. आक्काला तापीपलीकडच्या चौदा मजली दोन टॉवरांचं बाहेरचं काम मिळालं, त्या उन्हाळ्यात तो तिच्या दारात आला.

हे मला अशोकभाऊंनी सांगितलं. आक्कानं त्याला बघताच डोक्यावर पदर घेतला. थोरल्या दिरासमोर घेतात तसा. पाणी दिलं. तो म्हणाला, "रत्ना, एका टॉवरची मागची बाजू दे. दहा माणसं आहेत माझ्याकडे." आक्का म्हणाली, "देते." अशोकभाऊ तिच्याकडे बघतच राहिले. मग नाना थोडा सैल झाला, हसला आणि म्हणाला, "आता आपल्या घरच्यात तू काही कागदबिगद..."

"उद्या वंदनाच्या दुकानात या," आक्का म्हणाली. "सकाळी दहाला."

तो आला. मी पहिल्यांदाच त्याला पाहत होते. साठीचा, पोट सुटलेला, झिजल्या चपलांचा माणूस. मला तो आधी बिचारा वाटला, हे खोटं कशाला बोलू. आक्का त्याच्या बाजूच्या स्टुलावर, पदर डोक्यावर, मान खाली. मी करारनामा मोठ्यानं वाचला. दुसऱ्या कलमाशी तो थांबला.

"हे काय? मी झुल्यात बसायचं? माझं वय काय!"

"सगळ्यांना तेच कलम आहे, नाना," आक्का मान वर न करता म्हणाली. "मलाही आहे. वंदना, माझे जुने कागद दाखव त्यांना."

मी फाइल दाखवली. पंचवीस-तीस करार, सगळ्यांत तेच. तिनं वर्षानुवर्षं प्रत्येक माणसासाठी ते कलम लिहून घेतलं होतं. आता ते मुरलीनानासाठी आहे असं कुणी म्हणू शकत नव्हतं. मला पहिल्यांदा वाटलं, की हे सगळे कागद याच एका कागदासाठी होते का?

"मला उंचीवर चक्कर येते, रत्ना."

"मग काम घेऊ नका. सक्ती थोडीच आहे?" तिनं पुढचं कलम वाचायला सांगितलं. काम मध्येच सोडलं, तर कारण स्वतःच्या अक्षरात लिहून बिल्डरच्या ऑफिसात द्यायचं. नानानं बराच वेळ पंख्याकडे बघितलं. मग दहा माणसांची नावं लिहिली आणि सही केली. मी साक्षीदार. आक्कानं त्याला चहा पाजला.

काम पंचावन्न दिवसांचं होतं. पहिल्या दिवसापासून आक्का सकाळी सातला त्या टॉवरखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायला लागली. स्वतःच्या टॉवरचा झुला ती सहालाच तपासून यायची. नाना बेल्ट बांधायचा, डोळे मिटायचा, वर जायचा. वरून खाली आला की त्याचा शर्ट घामानं चिकटलेला असायचा. आक्का रजिस्टर पुढे करायची. तो सही करायचा. मी एकदा यादीची प्रत द्यायला गेले तेव्हा हे पाहिलं. मी म्हटलं, "आक्का, म्हातारा मरेल एखाद्या दिवशी."

"मरणार नाही. तारा मी रोज बघते. बेल्ट मी नवीन दिला." ती त्याच्यावरची नजर न काढता म्हणाली, "गुलाबचा दोर कुणी बघितला नव्हता."

तेविसाव्या दिवशी मी परत तिथे होते, कारण बिल्डरच्या ऑफिसनं माणसांच्या याद्या नव्यानं मागितल्या होत्या. साडेसात वाजले असतील. नाना वर जाऊन परत येत होता आणि नवव्या मजल्याजवळ झुला थांबला. साइटची लाइट गेली होती. तापीवरून वारा येत होता, झुला हलका डुलत होता. असं अधूनमधून होतं. वरच्या मोटारीला एक दांडा असतो, तो हातानं सोडला की झुला हळूहळू खाली येतो. गच्चीवर आक्काची दोन माणसं होती. तिनं हात वर केला असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं. तिनं हात वर केला नाही.

नाना खाली बघत ओरडायला लागला. शब्द वाऱ्यात जात होते. साइट इंजिनियर, कोवळा गुजराती मुलगा, धावत आला. "कौन है ऊपर? किसका आदमी है?"

सगळे आक्काकडे बघायला लागले. आक्कानं पिशवीतून फोन काढला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नानाला फोन लावला. फोन स्पीकरवर टाकून तिनं तो हातात आडवा धरला. वाऱ्याचा आवाज आला, मग नानाचा.

"रत्ना! उतरव मला, रत्ना!"

"नाना," ती शांतपणे म्हणाली, "इथे साहेब इचारी ऱ्हायना. वर लटकलेला माणूस कुणाचा, म्हणून. काय सांगू?"

वारा. बाकी काही नाही.

"बोला ना, नाना. काय सांगू? ओळखत नाही म्हणू?"

"तुना माणूस शे! तुना, रत्ना! कागद शे ना!"

"हो, कागद आहे." आजूबाजूला चाळीसेक माणसं जमली होती. रंगारी, प्लंबर, वाळू चाळणाऱ्या बाया. बरेचसे खानदेशातलेच. "आणि गुलाब? गुलाब कोना माणूस व्हता?"

मला वाटलं तो फोन बंद करेल. वर बघितलं तर नाना झुल्याच्या कठड्याला दोन्ही हातांनी मिठी मारून खाली बसला होता, फोन मांडीवर असणार. मग आवाज आला. रडका, बारीक.

"मना."

"ऐकू येत नाही, नाना. वारा आहे."

"मना माणूस व्हता! गुलाब मना माणूस व्हता!"

आक्कानं फोन बंद केला. इंजिनियरकडे वळून म्हणाली, "मेरा आदमी है, साहब. लिख लो." मग गच्चीकडे बघून हात वर केला.

झुला हळूहळू खाली आला. नानाला दोघांनी धरून उतरवलं, पाणी दिलं. तो पाणी पीत असतानाच आक्कानं माझ्याकडून कोरा कागद मागितला. मी दिला. तो देताना मी कचरले, पण दिला, हेही इथे लिहिते. तिनं तीन वाक्यं सांगितली, नानानं सिमेंटच्या गोणीवर कागद ठेवून लिहिली. गुलाब माझा माणूस होता. त्याला मी कामावर आणले होते. तो त्या दिवशी दारू प्यालेला नव्हता. आक्का म्हणाली, "करा सही."

नानानं सही केली नाही. त्यानं कुणी न सांगता चौथी ओळ लिहिली. "दोर कुजलेला आहे हे मला आदल्या दिवशी माहीत झाले होते." आणि सही केली.

आक्काला भराभर वाचता यायचं नाही. ती ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. चौथ्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. हे तिला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती एका खोट्याचा सूड घेत होती. त्याच्याखाली आणखी काही असेल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. ती जमिनीवरच बसली. मला वाटलं ती आता त्याला मारेल. सगळ्यांनाच वाटलं असणार, कारण गर्दीतला अशोकभाऊंचा एक भाऊबंद पुढे सरकला. पण तिनं कागदाची घडी घातली, प्लास्टिकमध्ये ठेवली, पिशवीत टाकली. रजिस्टर उघडून नानासमोर धरलं.

"आजची सही राहिली, नाना."

वकिलाकडे ती गेली होती. वकील म्हणाले, खूप वर्षं झालीत, तरी बघता येईल, तारखा पडत राहतील. ती म्हणाली, "मला कोर्टाची तारीख नको." दुसऱ्या दिवशी दुकानात आली आणि फ्लेक्सची मोठ्यात मोठी साइज विचारली.

तो फ्लेक्स मीच बनवला. डाव्या बाजूला गुलाबचा फोटो, लग्नाच्या कुठल्यातरी गर्दीतून कापून मोठा केलेला, थोडा पुसट, हसणारा. वर, पुण्यस्मरण. खाली विनीत म्हणून बहीण आणि आई. आणि मधोमध, जिथे लोक चार ओळींची श्रद्धांजली छापतात तिथे, नानाच्या हातच्या चार ओळी, त्याच्या सहीसकट, हातभर मोठ्या अक्षरांत. मी म्हटलं, "आक्का, त्यांच्या नातवाचं लग्न ठरतंय म्हणतात." ती म्हणाली, "गुलाबचंही ठरत होतं."

गुलाबच्या पुण्यतिथीला, बाजाराच्या दिवशी, तो फ्लेक्स गावाच्या एसटी थांब्यावर लागला. आक्कानं आईचा हात धरून तिला तिथे आणलं. म्हातारीला वाचता येत नव्हतं. थांब्यावरच्या एका शाळकरी मुलीनं तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. बसची वाट बघणाऱ्या सगळ्यांनी ऐकलं. म्हातारीनं तिसरी ओळ परत वाचायला लावली. तो दारू प्यालेला नव्हता. मुलीनं परत वाचली. म्हातारी तिथून सरळ देवळात गेली, कितीतरी वर्षांनी. आक्का मला हे सांगताना रडली नाही. तिचा चेहरा उजळला होता. सूड घेतल्यावर माणूस रिकामा होतो असं मी ऐकलं होतं. आक्का रिकामी वगैरे झाली नव्हती. तिनं मला समोरच्या नाश्त्याच्या गाडीवरून लोचो मागवायला लावला आणि दोन प्लेट खाल्ल्या.

"झालं आता?" मी विचारलं.

"कुठे झालं? अजून एकोणतीस दिवस बाकी आहेत."

आणि ते एकोणतीस दिवस नाना रोज वर गेला. कारण लिहून काम सोडायची त्याची हिंमत नव्हती आणि गावाकडे जायला तोंड नव्हतं. शेवटच्या सहीनंतर आक्कानं त्याला काम नीट पूर्ण झाल्याचं पत्र दिलं. माझ्याकडूनच टाइप करून. त्यात एक शब्द खोटा नव्हता.

नाना गावी परत गेला नाही. सुरतजवळच्या कामरेजला मुलीकडे राहायला लागला. दोन वर्षांनी त्याला अर्धांगाचा झटका आला. आक्का तेव्हा स्वतःही आजारी असायची, गुडघे गेले होते, ठेके तिनं टोळीतल्या बायांना वाटून दिले होते. एके दुपारी तिनं मला फोन केला. "कामरेजला येतेस का माझ्यासोबत? नानाला बघून यायचं आहे."

मी गेले. त्या पुढाऱ्यासारखं मलाही तेच हवं होतं, की बाई शेवटी मऊ व्हावी. मुलीनं दार उघडलं, आक्काला बघून ती घाबरली, पण बाजूला झाली. आक्कानं चौकटीतच डोक्यावर पदर घेतला.

नाना खाटेवर पडला होता. चेहरा एका बाजूला ओढलेला, बोलता येत नव्हतं. आक्का खुर्ची ओढून बसली. औषधं कोणती, झोप लागते का, जेवण कोण भरवतं, सगळं मुलीला विचारलं. मुलीनं पोहे दिले. आक्कानं ते संपवले. नाना सारखा तिच्याकडे बघत होता. मग त्याचा चांगला हात हलला. त्यानं त्या हातानं लुळा हात धरला, ओढत ओढत छातीवर आणला. मला आधी कळलंच नाही काय चाललंय. तो हात जोडत होता. बोटं थरथरत एकमेकांच्या जवळ येत होती, त्याच्या तोंडून काहीतरी घशातला आवाज निघत होता. मुलगी रडायला लागली.

आक्का उठली. वाकली. त्याचे दोन्ही हात तिनं मनगटाशी धरले, अगदी हलक्या हातानं, नर्स धरते तसे, आणि एकमेकांपासून दूर केले. एक उजवीकडे ठेवला, एक डावीकडे. वरून चादर ओढली आणि दोन्ही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचली, म्हणजे हात बाहेर निघू नयेत.

"सांभाळ त्यांना," ती मुलीला म्हणाली. "खूप वर्षं जगव."

मग चपला घालून, भिंतीला धरत, एक-एक पायरी उतरत ती रस्त्याला लागली. मी मागून हाक मारली, पण ती थांबली नाही.